सायकलला मोटर: मिड-ड्राइव्ह आणि बॅटरीविषयी वाचकांचे प्रश्न

सायकलला मोटर बसवण्याविषयी आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा प्रश्न एकच: किती वॉटची घेऊ? मिड-ड्राइव्ह मोटर पायडलच्या एक्सलवर बसते आणि चेनमधून ओढते, म्हणजे तुमच्या सायकलचे गिअर तीही वापरते. म्हणून वॉटच्या आधी मागचे फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच, पाहावे लागते. निवडक प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न: माझी २६ इंची चाकांची, २१ गिअरची एमटीबी (डोंगरी सायकल) आहे. कामाला जाताना रोज फर्मागुडीचा चढ लागतो. माझे वजन ७५ किलो. दुकानदार म्हणतो, २५० वॉट गोव्याच्या चढांना पुरत नाही, ७५० घ्या. खरे काय? (वाचक, फोंडा)

उत्तर: आधी कायदा पाहू, कारण दुकानदार तो सांगत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ प्रमाणे विजेची सायकल ‘मोटार वाहन’ धरली जाऊ नये, तर मोटरची ३० मिनिटांची शक्ती ०.२५ किलोवॉटच्या आत हवी, वेग ताशी २५ किमीला पोहोचेपर्यंत किंवा पायडल थांबताच मदत बंद व्हायला हवी आणि बॅटरी वगळून वजन ६० किलोच्या वर नको. चांगले ब्रेक, पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर हेही त्यातच येते. ७५० वॉटची मोटर लावली की ती सायकल राहत नाही. नोंदणी, विमा, लायसन्स सगळे लागते, आणि घरी जोडलेल्या वाहनाची नोंदणी होणे जवळपास अशक्य. ७५० ची मोटर घेऊन तिच्यावर २५० चे स्टिकर लावून देणारेही आहेत. अपघात झाला की पंचनाम्यात स्टिकर कामाला येत नाही.

आता चढ. तुम्ही ७५ आणि मोटर, बॅटरी, पिशवीसह सायकल २५, असे १०० किलो धरा. चढ ८ टक्के धरला तर ताशी ११ किमीने चढायला साधारण २८० वॉट लागतात. त्यातले ८० तुमचे पाय सहज देतात, मोटरच्या वाट्याला २०० येतात. तोच चढ ताशी २० किमीने चढायचा हट्ट धरला तर मात्र साडेपाचशे वॉट हवेत. थोडक्यात, २५० वॉट पुरतात की नाही हे तुम्ही किती वेगाने चढू पाहता यावर ठरते.

खरी अडचण वेगळीच आहे. मिड-ड्राइव्ह बसली की पुढच्या तीन चकत्या जातात आणि एकच राहते, बहुधा ४४ दात्यांची. म्हणजे २१ चे ७ गिअर झाले, आणि सगळ्यात लहान चकती, जिच्यावर तुम्ही आजवर चढ काढलात, तीच गेली. तुमच्या मागच्या फ्रीव्हीलची मोठी चकती २८ दात्यांची असेल. ४४ ला २८ या जोडीत पायडल मिनिटाला ७० फेऱ्यांवर ठेवायचे तर वेग ताशी पावणेचौदा किमी हवा. चढावर तेवढा वेग राहत नाही, पायडल मंदावते, मोटरही त्याच एक्सलवर असल्याने मंदावते, आणि मंद फिरणारी मोटर विजेची उष्णता करते. मग लोक म्हणतात, २५० ची मोटर तापते. मागे १४–३४ चे सात गिअरचे फ्रीव्हील टाका, चेन तेवढी लांब करा, आणि मागच्या डिरेलरला (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागाला) ३४ दात्यांची चकती चालते ना ते बघा. आता तोच ७० फेऱ्यांचा ठेका ताशी सव्वाअकरा किमीला मिळेल. या बदलाचा खर्च मोटरच्या मानाने किरकोळ आहे.

तेव्हा ३६ व्होल्ट, २५० वॉट घ्या. चढ सुरू होण्याआधीच गिअर उतरवा. चढाच्या मध्यावर, मोटरचा जोर चेनवर असताना गिअर टाकला की चेन तुटते किंवा फ्रीव्हीलचे दाते झिजतात. गिअर-सेन्सर म्हणून एक छोटी डबी मिळते. ती गिअरच्या केबलवर बसते आणि गिअर बदलताना क्षणभर मोटर बंद करते. ती घ्याच. किटबरोबर येणारे, दाबताच मोटर बंद करणारे ब्रेक-लिव्हरही बसवा. ‘नंतर बघू’ म्हणून ते डब्यातच राहतात, असा अनुभव आहे.

प्रश्न: बाफांग घेऊ की टाँगशेंग? (वाचक, साखळी)

उत्तर: या दोन्ही मिड-ड्राइव्ह बनवणाऱ्या कंपन्या. कायद्याच्या मर्यादेत बाफांगची बीबीएस०१ आणि टाँगशेंगची टीएसडीझेड२ या दोघींचे ३६ व्होल्ट २५० वॉटचे प्रकार येतात. बीबीएस०२ आणि बीबीएसएचडी त्याच्या वरच्या. त्यांचा विचार सोडा.

फरक सेन्सरचा. बीबीएस०१ पायडल फिरते आहे एवढेच ओळखते. फिरले की ठरलेला जोर देते, तुम्ही हलके मारा की जोराने. टीएसडीझेड२ पायावरचा दाब मोजते आणि त्या प्रमाणात मदत करते. थांबलेल्या स्थितीतून पहिल्याच दाबाला उचलते. चालवायला टीएसडीझेड२ जास्त सायकलसारखी वाटते. दणकटपणात बीबीएस पुढे. टीएसडीझेड२ च्या आत एक निळा नायलॉनचा दंतचक्र आहे, जड गिअरमध्ये सतत जोर दिला की त्याचे दात जातात. मोटर घेताना तो एक सुटा मागवून ठेवावा. पायडलचा दाब जेमतेम देणाऱ्याला, म्हणजे गुडघे दुखणाऱ्याला, आम्ही बीबीएस०१ सुचवतो. दाब मोजणारी मोटर अशा माणसाकडून दाबच मागत राहते.

प्रश्न: मडगाव ते कुंकळ्ळी, जाऊन-येऊन ३० किमी. ३६ व्होल्ट १० एएच बॅटरी पुरेल का? ओळखीचा एक जण सेल जोडून स्वस्तात देतो. घ्यावी का? (वाचक, मडगाव)

उत्तर: एएच (अँपिअर-तास) विसरा, वॉट-तास काढा: व्होल्ट गुणिले एएच. ३६ गुणिले १० म्हणजे ३६०. पायडल मारत २५ च्या आत चालवले तर किलोमीटरला १० ते १२ वॉट-तास जातात. ३० किमीला जास्तीत जास्त ३६०. म्हणजे बॅटरी नवी असताना घरी पोहोचेपर्यंत रिकामी, आणि वर्षभरात वाटेतच. रोजच्या गरजेच्या साधारण दीडपट घ्यावी. ३६ व्होल्ट १४ एएच म्हणजे ५०४ वॉट-तास, हे तुमचे माप. चढाचा वेगळा हिशेब हवा असेल तर १०० किलोला १०० मीटर उंची चढवायला, मोटरनेच सगळे ओढले तर, सुमारे ३५ वॉट-तास धरा.

४८ व्होल्ट चांगली की ३६, असेही बरेच जण विचारतात. मोटर ज्या व्होल्टची, बॅटरी त्याच व्होल्टची. यात चांगले-वाईट नाही.

आता सेल जोडून देणाऱ्याबद्दल. काम चोख करणारे आहेत, पण त्यांना चार प्रश्न विचारा आणि उत्तर तोंडी घेऊ नका, डोळ्यांनी बघा.

सेल कोणते? १८६५० मापाचा चांगला सेल ३ ते ३.५ एएचचा असतो आणि ४५ ते ५० ग्रॅम भरतो. १० सेल एकापुढे एक आणि अशा ४ रांगा, म्हणजे ४० सेल, म्हणजे १४ एएच. नुसते सेलच दोन किलोच्या घरात जातात. कोणी ‘३६ व्होल्ट २० एएच’ म्हणून अडीच किलोची बॅटरी हातात दिली तर ती तिथेच परत करा, काटा खोटे बोलत नाही. लॅपटॉपमधून काढलेले जुने सेल हा दुसरा सापळा; सालपट नवे घातले की ते नव्यासारखे दिसतात. वेल्डिंगआधी सेलची टोके बघा, जुन्या वेल्डचे ठिपके घासून काढलेले दिसतील.

पट्टी कशाची? शुद्ध निकेलची हवी, ८ मिमी रुंद आणि ०.१५ मिमी जाड. बाजारात निकेलचा मुलामा दिलेली लोखंडी पट्टीही तशीच दिसते. चुंबकाने फरक कळत नाही, कारण निकेललाही चुंबक ओढतो. पट्टीचा तुकडा घ्या, कानसाने ओरखडा काढा आणि मिठाच्या पाण्यात दिवसभर ठेवा. तांबूस गंज चढला तर लोखंड. आपल्या दमट, खारट हवेत अशी पट्टी बॅटरीच्या आत हळूहळू गंजते, जोडाचा अवरोध वाढतो, आणि तो जोड तापू लागतो.

बीएमएस, म्हणजे बॅटरीतल्या सेलांची राखण करणारे सर्किट, किती अँपिअरचा? कंट्रोलर (मोटरला वीज सोडणारा भाग) जास्तीत जास्त १५ ते १८ अँपिअर ओढत असेल तर बीएमएस सतत २० अँपिअर पेलणारा हवा. ‘पीक ४०’ असे छापलेले असते, ते वाचू नका. ‘सतत’ किती ते विचारा.

शेवटचा, पूर्ण चार्जनंतर प्रत्येक गटाचा, म्हणजे शेजारी-शेजारी जोडलेल्या चार सेलांचा, व्होल्ट किती? दहाही गट ४.१५ ते ४.२ मध्ये आणि एकमेकांच्या ०.०३ व्होल्टच्या आत हवेत. एक गट ०.१ ने मागे असेल तर पुढे तोच गट पूर्ण बॅटरी अडवतो.

चार्जर ४२ व्होल्टचा, त्यावर तसे छापलेले पाहिजे. ४८ व्होल्टच्या बॅटरीचा चार्जर ५४.६ चा असतो आणि कित्येकदा पिन अगदी तीच असते. घरात दोन सायकली असतील तर दोन्ही चार्जरांवर रंगीत टेप गुंडाळा. २ अँपिअरच्या चार्जरने १४ एएच भरायला सात तासांहून थोडा जास्त वेळ लागतो. हे सात तास तुम्ही जागे असताना आणि फरशीवर जाऊ द्या. जिन्याखाली किंवा बाहेर जायच्या दाराशी नको. उन्हातून आल्यावर लगेच चार्जिंगला लावू नका, बॅटरी हाताला गार लागेपर्यंत थांबा.

प्रश्न: भाऊ जहाजावर आहे. येताना विमानातून बॅटरी आणू शकेल का? (वाचक, वास्को)

उत्तर: नाही. प्रवाशाला विमानात १०० वॉट-तासांपर्यंतची लिथियम बॅटरी नेता येते, १०० ते १६० पर्यंत विमान कंपनीच्या परवानगीने, १६० च्या वर बंदी. तुमची ५०० च्या घरात असेल. सुटे करून, कपड्यांत गुंडाळून आणायचे सल्ले मिळतील, ऐकू नका. बॅटरीशिवायची मोटर आणायला हरकत नाही, मात्र कस्टमचा प्रश्न आहेच. बॅटरी इथेच घ्या. ती बिघडली की परत न्यायला दुकान जवळ असावे.

प्रश्न: आमची बेकरी आहे. पोदेर पहाटे जुन्या काळ्या सायकलवर टोपली बांधून पाव घेऊन जातो, २५–३० किलो भार असतो. त्याच सायकलला मिड-ड्राइव्ह बसवता येईल का? (वाचक, बार्देश)

उत्तर: बसवता येईल, पण बसवू नका. तीन कारणे आहेत.

त्या सायकलला गिअर नाहीत. मिड-ड्राइव्हचा सगळा फायदा गिअरमधून येतो. एकाच गिअरवर ती भार घेऊन दर घरापाशी थांबणार आणि पुन्हा निघणार, आणि प्रत्येक वेळी मंद फेऱ्यांवर तापणार. दुसरे, तिचे क्रँक खिळ्याचे. खिळा ठोकून काढावा लागतो, शेल (पायडलचा एक्सल ज्यातून जातो ती फ्रेमची आडवी नळी) कोणत्या मापाचा निघेल ते आधी सांगता येत नाही. तिसरे आणि सर्वांत मोठे, दांडीचे ब्रेक. पावसात ते आत्ताच जेमतेम धरतात. मोटर, बॅटरी आणि ३० किलो पाव घेऊन उतारावर त्यांच्यावर विसंबणे धोक्याचे.

मग चाकाच्या मध्यात बसणारी हब मोटर? तिथेही अडते. जुन्या काळ्या सायकलींना बहुधा पुढे ३२ आणि मागे ४० स्पोक असतात, हब मोटर येते ३६ भोकांची. रिम बदलली की नव्या रिमवर दांडीचा ब्रेक बसत नाही. मग ब्रेक बदला, मागचा काटा फाकवा… एवढ्यात दुसरी सायकल येते.

आमचा सल्ला: स्टील फ्रेमची, ७ गिअरची, व्ही-ब्रेक किंवा डिस्कची साधी सायकल घ्या, मागे जाड नळीचे कॅरिअर वेल्ड करून घ्या आणि तिला टीएसडीझेड२ बसवा. पहिल्या दाबाला उचलणारी असल्याने पावाच्या फेरीला ती बीबीएसपेक्षा बरी. पोदेराला एकच सवय लावा: थांबण्याआधी दुसऱ्या गिअरवर यायचे. बॅटरी फ्रेमच्या खालच्या, हँडलकडून पायडलकडे येणाऱ्या नळीवर ठेवा, कॅरिअरवर नको. तिथे टोपली आहे, तिच्यात बॅटरीचे वजन मिळवले तर सायकल मागून हलते. भोंगा मात्र जुनाच राहू द्या, त्याशिवाय गिऱ्हाईक बाहेर येणार नाही.

प्रश्न: मोटर स्वतः बसवली. महिन्याभरात ती ढिली होऊन हलू लागली. दोनदा आवळली, पुन्हा तेच. (वाचक, म्हापसा)

उत्तर: फार जणांना होते, आणि कारण बहुधा आवळण्यात नसून बसवण्यात असते.

मोटरची नळी फ्रेमच्या शेलमधून आरपार जाते आणि डावीकडच्या रिंग-नटने धरली जाते. मोटर चकतीला पुढे ढकलते तेव्हा तिचे स्वतःचे धड उलट, वर, फ्रेमच्या खालच्या नळीकडे उसळते. बसवताना ते अधांतरी ठेवले असेल तर प्रत्येक जोराला ते थोडे फिरते आणि नट सैल करते. म्हणून मोटर वर ढकलून, मध्ये रबराचा तुकडा ठेवून खालच्या नळीला टेकवा, मगच आवळा.

दुसरे, मोटर शेलला धरून ठेवणारी दातेरी पट्टी. तिचे दात शेलच्या कडेत रुतायला हवेत. पट्टी उलटी बसली, किंवा शेलच्या कडेला रंगाचा जाड थर राहिला, तर ती घसरते. रंग खरवडून धातू उघडा करा. शेलची रुंदी ६८ मिमी आहे की ७३ ते व्हर्नियरने मोजा. ६८ ला किटमधले स्पेसर वगळले की मोटर शेलला नीट टेकतच नाही.

शेलच्या खालून जाणाऱ्या गिअरच्या केबल हे तिसरे कारण. मोटर त्यांच्यावर बसली तर केबलही दबते आणि मोटरही तिरकी राहते. केबलचे प्लास्टिकचे गाइड काढून केबल दुसरीकडून न्या.

मुख्य रिंग ३० ते ४० न्यूटन-मीटरवर आवळा. किटमधल्या पातळ पत्र्याच्या पान्याने तेवढा जोर लागत नाही, वेगळा पाना घ्या. ५० किमीनंतर पुन्हा बघा, मग २०० नंतर. कार्बनच्या फ्रेमला हे काही करू नका. आणि ज्यांनी अजून जुना बीबी (शेलमधला एक्सल आणि त्याचे कप) काढलेला नाही त्यांच्यासाठी: उजव्या कपाचे आटे उलटे असतात, घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर सुटतो. तिथे पाइप लावून उलट जोर करणाऱ्यांनी कित्येक शेल फाडले आहेत.

प्रश्न: चोर्ला घाट उतरताना बॅटरी चार्ज होईल का? (वाचक, वाळपई)

उत्तर: नाही. उतारावर फ्रीव्हील मोकळे फिरते, चाकाची गती मोटरपर्यंत पोहोचतच नाही. घाट उतरण्याआधी ब्रेकपॅड तपासा, ते तेवढे कामाचे.

प्रश्न: पावसात डिस्प्लेवर ‘३०’ येते आणि मोटर बंद पडते. ऊन पडले की चालू. फेरीबोटीने रोज ये-जा आहे. बाफांग आहे. (वाचक, चोडण)

उत्तर: ३० म्हणजे डिस्प्ले आणि कंट्रोलर यांचे बोलणे तुटले. मोटर ठीक असते, पाणी जोडात गेलेले असते. हँडलकडून मोटरकडे जाणाऱ्या मुख्य वायरीचा हिरवा आठ पिनांचा प्लग शोधा. बॅटरी बंद करा, प्लग न फिरवता सरळ ओढा. पिळला की आतल्या पिना वाकतात. पिनांवर हिरवट थर दिसेल. कॉन्टॅक्ट क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा, पूर्ण वाळू द्या, डायइलेक्ट्रिक ग्रीस अगदी थोडे लावा, आणि दोन्ही बाजूंचे बाण जुळवून सरळ दाबा. वरून स्वतःला चिकटणारी रबरी टेप गुंडाळा, पण खालचे टोक मोकळे ठेवा. सगळीकडून बंद केले तर आत गेलेला दमटपणा बाहेर येत नाही. वायर प्लगच्या आधी खाली झुकवून मग वर न्या, म्हणजे ओघळणारे पाणी त्या झोळातून खाली गळेल.

‘२१’ आले तर तो वेगाचा सेन्सर: चाकावरचे चुंबक सरकलेले असते किंवा मध्ये लाल चिखल बसलेला. अंतर ५ मिमीच्या आत ठेवा.

पाण्याची आणखी एक वाट कोणी बघत नाही. सीटच्या दांड्यावरून पाणी फ्रेमच्या नळीत उतरते आणि थेट मोटरच्या नळीभोवती साचते. जुन्या ट्यूबचा तीन बोटे रुंद तुकडा दांड्यावर आणि नळीच्या तोंडावर ओढून बसवा. सायकल पाइपच्या जोराच्या फवाऱ्याने धुऊ नका, ओल्या फडक्याने पुसा. धक्क्यावरच्या खाऱ्या चिखलातून आलेली चेन त्याच संध्याकाळी पुसून तेल द्या. मोटर लावल्यावर चेन तशीही लवकर झिजते. चेन-गेज (चेनची झीज मोजणारी पट्टी) ०.७५ दाखवू लागला की चेन बदला, नाहीतर पाठोपाठ फ्रीव्हील आणि पुढची चकतीही बदलावी लागेल.

बॅटरीच्या डब्यातच पाणी गेले असेल तर ती वाळवून चार्ज करू नका. घराबाहेर मोकळ्या जागी ठेवा आणि दुरुस्ती करणाऱ्याला तिथेच बोलवा.

प्रश्न: चवथीला गावी जातो, पुढे महिनाभर सायकल बंद. बॅटरी फुल करून ठेवू? (वाचक, पेडणे)

उत्तर: फुल नको, रिकामी नको. ३६ व्होल्टची बॅटरी ३७ व्होल्टच्या आसपास, ४८ ची ४८ च्या आसपास ठेवा. सायकलवरून काढून ठेवा, कारण डिस्प्ले बंद असला तरी कंट्रोलर थोडा प्रवाह ओढत राहतो. परत आल्यावर चार्ज करण्याआधी व्होल्ट मोजा. ३६ ची २५ च्या खाली गेलेली असेल तर चार्जर लावू नका, आधी गट-गट तपासून घ्या.